एक पाय हळू

सारजाबाई आली हे कुणाला बघावं लागत नसे, ऐकूच येई. उजवा पाय धप् पडायचा आणि डावा मागून घसटत यायचा. धप्, घस. धप्, घस. औरंगाबादेत नवाबपुऱ्यापासून जुन्या बाजारापर्यंत ज्या ज्या घरची पोरगी मुलींच्या मदरशात जायची, त्या त्या घरात सकाळी हा आवाज आला की आया घाईघाईनं वेण्या आवळायच्या. सारजाबाई पुढं आणि तिच्या मागून करीम गाडीवानाची बैलगाडी, चारी बाजूंनी पडदे सोडलेली. दाराशी उभी राहून ती हाळी द्यायची, "चला गं, गाडी आली!" पोरगी उचलायची, पडद्याआड सरकवायची, की निघाली पुढच्या दाराला.

निजामाच्या राज्यात शाळेतल्या असल्या बाईला मामा म्हणत. बाई असून मामा! तिच्या माहेरी, देवगाव रंगारीला, भावानं हे ऐकलं तेव्हा तो पोट धरधरून हसला म्हणे. हसू दे मेल्याला. त्याच्या घरी ताटावर बसलं की हिच्या पायाचा विषय निघायचा. मामा होऊन ती निदान त्या विषयातून तरी सुटली होती.

पाय नारूनं नेला होता. ज्यांनी बारवेचं पाणी प्यालंय त्यांना नारू सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. पाण्यातून तो पोटात जातो आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून सुतासारखा लांबच लांब किडा डोकं काढतो. तो ओढायचा नसतो. काडीला गुंडाळून आज बोटभर, उद्या बोटभर, असा धीरानं काढायचा असतो. सारजा तेव्हा आठ वर्षांची. तिचा बाप कडूबा तसा लेकीवर जीव टाकणारा माणूस, पण धीर नावाची चीज त्या घराण्यात औषधालाही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं हिसका दिला. किडा आतच तुटला, घोटा महिनाभर पिकला आणि बरा झाला तो वाळल्या लाकडासारखा. कडूबा पुढं जन्मभर तिच्या पायाकडं बघायचं टाळत राहिला. त्यानं काय होतंय?

त्या साली पंचमीला पोरींनी फेर धरला तेव्हा सारजाही नवा परकर नेसून गेली. हातात हात गुंफून गोल फिरायचं, गाणं म्हणत, एका पावलानं. सारजाच्या पायानं सगळा फेर एका अंगाला ओढला जायला लागला. दोन फेऱ्या झाल्या नाहीत तोच थोरली पोरगी म्हणाली, "सारजे, तुझ्यापायी फेर मोडतोय. तू जा, तिकडं लेकरं सांभाळ."

तिथून पुढं दर पंचमीला सारजा लिंबाखाली, गावभरच्या तान्ह्यांना घेऊन. एक मांडीवर, एक खांद्यावर, दोन पदराला. डोळे फेराकडं आणि हात टाळी देतायत. फेरातल्या पोरीला आपले पाय तेवढे ठाऊक असतात, बाहेर बसलेलीला सगळा फेर ठाऊक असतो. चार-पाच वर्षांत अशी वेळ आली की गाणं घसरलं, पावलं चुकली, की लिंबाखालून सारजाची टाळी यायची आणि फेर पुन्हा ठाकठीक चालायचा. कुणी कधी म्हणालं नाही की बरं झालं गं सारजे, तू होतीस. मांडीवरची लेकरं मात्र, ज्यांना अजून बसताही येत नव्हतं तीसुद्धा, तिच्या टाळीवर डुलायची. एकदा तरी फेरात जायचं, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात बसली ती बसली. तुम्ही हसाल. पण ज्याला कुणी कधी बाहेर बसवलं नाही त्यानं हसू नये.

पुढं लग्न झालं. नवऱ्यानं, पुंजारामानं, चार वर्षांत दुसरी आणली आणि चारचौघांत वर तोंड करून बोलला, "लंगडी घोडी किती दिवस दावणीला बांधायची?" सारजानं त्याच सांजेला गाठोडं बांधलं आणि शहराची वाट धरली. कुणाच्या तरी ओळखीनं मदरशात लागली. अकरा वर्षं त्या गाडीपुढं चालली. एक दिवस खाडा नाही, एक पोरगी कधी हरवली नाही, पडली नाही.

आता मदरशातल्या लहान वर्गाचं सांगतो. पाच-सहा वर्षांच्या चाळीस पोरी, निम्म्या उर्दू घरच्या, निम्म्या मराठी. शिकवणं सगळं उर्दूत, कारण सरकारचं सगळंच उर्दूत. मराठी घरच्या पोरी अलिफ-बे बघून रडायच्या आणि त्यांचं रडणं बघून उर्दू घरच्या रडायच्या. वर्गावर सगीरा उस्तानी होती. तिचं लग्न ठरलेलं, त्यामुळं तिचं सगळं ध्यान रुमालावर भरायच्या वेलबुट्टीत. तिनं एक दिवस वैतागून सांगितलं, "मामा, इनको बाहर ले जाव जी, मेरा सर फिर गया." आणि सारजाबाई चाळीस पोरी घेऊन मागच्या अंगणात आली. चाळीस रडकी लेकरं आणि एक चिंचेचं झाड. देवगावचा लिंबच की हा!

तिनं आधी शब्द दिलेच नाहीत. पोरींना गोल बसवलं, एकीच्या पाठीशी दुसरी. पुढचीच्या पाठीवर दोनदा थोपटायचं, मग आपल्या मांडीवर एक थाप, मग गप्प. हा गप्प म्हणजे काही नसणं नव्हे बरं का. हात हवेत, श्वास छातीत, पापणी हलवायची नाही. थोप, थोप, थाप, गप्प. पोरींना सगळ्यात जास्त आवडायचा तो गप्पच. चाळीस पोरी एकदम मुक्या व्हायच्या आणि पुढची थाप चाळीस हातांची मिळून एक पडायची. जिला जमत नसे तिला सारजाबाई पुढ्यात घेई, तिचे हात आपल्या हातात धरून थोपटी. "डोक्यानं नको मोजू गं, हाडाला ऐकू येऊ दे," म्हणे. पाठ आधी, मग मांडी, मग तोंड, पाय सगळ्यात शेवटी, असा तिचा क्रम. तोंडाची पाळी आली की अलिफ थोप, बे थोप, पे थाप, गप्प. पंधरा दिवसांत मराठी पोरी उर्दू अक्षरं म्हणायला लागल्या आणि उर्दू पोरी मराठीत वीसपर्यंत मोजायला. ज्या कामाला सरकारनं उस्तानी नेमली होती, ते झाडाखाली एका अडाणी बाईच्या मांडीवर झालं.

मग पाय. पायांसाठी तिनं गाणं केलं. कुणी शिकवलेलं नव्हतं, गाडीपुढं चालता चालता पायातूनच वर आलेलं.

गाडी आली, गाडी आली,
दार उघड गं साळू,
एक पाय पुढं टाक,
एक पाय हळू.

वर्गात वहिदा नावाची पोरगी होती. कचेरीतल्या पेशकार मोहियोद्दीन साहेबांची एकुलती एक. गोरीगोमटी, डोळे टपोरे, पण बोलायला गेली की पहिल्याच अक्षराला अडकायची. प-प-प करता करता डोळे भरून यायचे. बाकीच्या पोरी तिची नक्कल करायच्या. लेकरंच ती, लेकरांइतकं निर्दयी कुणी नाही. सारजाबाईच्या ध्यानात आलं की पाठीवर थोपटताना वहिदाच्या तोंडून अक्षर न अडकता निघतं. मग तिनं तिला रांगेत सगळ्यांच्या पुढं, अगदी आपल्या टाचेला लावून घेतलं.

"माझ्या मागं चाल. मी पाय टाकीन तसाच पाय टाकायचा, अक्शी तसाच. तोंडाकडं ध्यान द्यायचं नाय, ते आपसूक येतंय. कळलं?"

वहिदानं मान हलवली. आठव्या दिवशी तिनं "गाडी आली"पासून "हळू"पर्यंत सगळं गाणं एका दमात म्हटलं, कुठं अडखळणं नाही की काही नाही. घरी जाऊन बापाला म्हणून दाखवलं. पेशकार साहेबांनी म्हणे पोरीला उचलून घेतलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. त्या ईदेला वहिदाच्या अम्मीनं सारजाबाईला दारातून आत बोलावलं, शिरखुर्म्याचा वाडगा हातात दिला आणि म्हणाली, "मामा, तुम्हारे हाथों में अल्ला ने बरकत दी." हाथों में म्हणाली. पायांचं काही बोलली नाही. तेव्हा काही बोलण्यासारखं दिसलं नव्हतं.

मदरशाच्या हेडबाई कमरुन्निसा बेगम. हैदराबादेत शिकून आलेल्या, कडक, पण मनाच्या खोट्या नव्हेत. लहान लेकरांना खेळातून, गाण्यातून शिकवावं असं त्या शिकून आल्या होत्या आणि इथं सगीरा उस्तानी वेलबुट्टी भरत बसलेली. त्यांची खोली पुढच्या अंगाला. तिथं बसून त्यांना मागच्या अंगणातला ताल ऐकू यायचा, चाळीस पावलं एका वेळी पडलेली. एकदा त्या बघायला आल्या तेव्हा पोरी बसून थोपटत होत्या. उभ्या उभ्या ऐकून त्यांनी विचारलं, "सारजा, हे कुणाकडून शिकलीस?"

"कुनाकडून नाय, बेगमसाब. बसून बसून आलं."

त्यांनी तिथंच सांगितलं, बहमन महिन्यात, ऐन थंडीत, मुआयना म्हणजे शाळेची तपासणी आहे, हैदराबादेहून मोठ्या बाई येणार. त्यांच्यासमोर पोरींना दाखव. पसंत पडलं तर मी स्वतः लिहीन, की या बाईला गाडीवरून काढून लहान वर्गावर नेमा. शिकवायचं सर्टिफिकेट नसलं तरी मदतनीस म्हणून नेमता येतं.

सारजाबाईला त्यातलं नेमणूक-बिमणूक काही भिडलं नाही. तिला एवढंच कळलं की आता एक असा फेर असणार आहे ज्यात तिची जागा कागदावर लिहिलेली असेल आणि "तू जा तिकडं" असं कुणाचा बाप तिला म्हणू शकणार नाही. करीमला ती त्या दिवशी म्हणाली, "करीमभाई, दुसरी मामा बघून ठेवा." करीम म्हणाला, "बैलां तुम्हारे बगैर नक्को बोलेंगे." दोघं हसली.

मुआयन्याच्या पंधरा दिवस आधी वहिदा शाळेत यायची बंद झाली. गाडी दारात गेली तर अम्मी रडकुंडीला आलेली. पोरगी लंगडत होती. डावा पाय ओढत होती. हकीम येऊन गेला होता. त्यानं पाय दाबला, वळवला, ठोकला आणि सांगितलं, "दौडती तो सीधी, चलती तो लंगडी. ऐसा मर्ज मेरी किताब में नहीं." तेल दिलं, निघून गेला.

सारजाबाईनं वहिदाला मांडीवर घेतलं, घोटा दिव्यासारखा डोळ्याशी धरला, फोड शोधला. तिला एकच रोग ठाऊक होता. "पानी कुठलं पाजता? आडाचं? बारवेचं? गाळून द्या, उकळून द्या. आन् फोड आलाच तर वढू नका, बिबी, तुमच्या पाया पडते, कुनाला वढू देऊ नका." त्या दिवशी ती शहानूरमियाँच्या दर्ग्यात फुलं वाहून आली आणि गावच्या देवालाही नारळ बोलली. माझ्यावानी नको करू रे लेकराला, असं दोन्हीकडं सांगितलं.

आता बोला! जगात एक पोरगी तिच्यासारखी चालायला लागली आणि तिला वाटलं नारू झाला. पण तिला कळणार तरी कसं? ती पुढं, पोरी मागं. तिनं ऐकायचं, बघायचं नाही. आणि ऐकायला तर सगळं बरोब्बर होतं. धप्, घस. धप्, घस. तिच्या कानाला सरळ ताल म्हणजे तोच. पंचवीस वर्षं तिनं दुसरा चालण्याचा आवाज स्वतःचा म्हणून ऐकलाच नव्हता. आणि लेकरू म्हणजे काय भाजी निवडणारी बाई आहे, की ताल तेवढा घेईल आणि पाय टाकून देईल? जे पुढं दिसलं ते त्यानं मुळासकट घेतलं.

सगीरा उस्तानीनं मात्र बघितलं होतं. खिडकीतून रोज दिसायचं तिला. तिला वाटलं लंगडीचा खेळ चाललाय. एक शब्द बोलली असती तर? पण वेलबुट्टी व्हायची होती ना.

वहिदाच्या पायात काही सापडलं नाही तेव्हा आठवड्यानं अम्मीनं पुन्हा धाडली. मुआयना उजाडला. सकाळी चांगलीच थंडी होती. पुढच्या अंगणात सतरंज्या, खुर्च्या, मोठ्या बाई मधोमध, त्यांच्याबरोबर साहेब लोकांच्या दोघी-तिघी बेगमा. एका अंगाला चिकाचे, बांबूच्या काड्यांचे, पडदे सोडून पोरींच्या आया बसवलेल्या. सारजाबाईनं धुवट लुगडं नेसलं होतं. कमरुन्निसा बेगम मोठ्या बाईंना सांगत होत्या की आमच्या मदरशात लहान मुलींना तालावर शिकवण्याची पद्धत मी सुरू केली आहे. मी म्हणाल्या. सारजाबाईनं ऐकलं, तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला फक्त फेर हवा होता.

आधी बसून थोपटणं झालं. थोप, थोप, थाप, गप्प. तो गप्प इतका नेमका झाला की पलीकडच्या झाडावरचा कावळा ओरडला तेवढाच ऐकू आला. मोठ्या बाई पुढं सरकून बसल्या. "बहोत खूब," म्हणाल्या. मग सारजाबाई उठली, पाठ फिरवली, वहिदा टाचेशी, मागं एकोणचाळीस, आणि फेर निघाला.

गाडी आली, गाडी आली.

पहिलं हसू बेगमांतून आलं, रुमालाआडून. मग चिकाच्या पडद्यामागून. मग मोठ्या बाईंनाही आवरेना. सारजाबाईला वाटलं, आवडलं! तिनं आवाज चढवला. पोरींना वाटलं, आवडलं! त्यांनी पाय आणखी जोरात ओढला. एक पाय पुढं टाक, एक पाय हळू. हसण्याचा कल्लोळ उठला. सारजाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. देवगावच्या त्या थोरल्या पोरीला कुणीतरी इथं आणून बसवायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. मागच्या अंगणात नुसती रांग चालायची, इथल्या ऐसपैस जागेत फेर पहिल्यांदाच गोल वळला आणि ती त्याच्याबरोबर वळली, आणि शेपटाकडच्या पोरी तिच्यासमोर आल्या.

तिनं स्वतःला चालताना कधी बघितलं नव्हतं. अंगभर आरसा तिच्या बापजन्मी कुणाकडं होता? आता बघितलं. चाळीसदा बघितलं. चाळीस कमरा एका अंगाला कलत होत्या, चाळीस डावे पाय धुळीतून ओढले जात होते, चाळीस हात तोल सांभाळायला तस्सेच बाजूला फाकले होते. इवल्या इवल्या सारजा, एकामागं एक, आणि सगळ्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

ती थांबली. वहिदा तिच्या पाठीवर आदळली. ताल तरी तुटला नाही, पोरींनी जागच्या जागी पाय आपटत गाणं पुरं केलं, इतकं त्यांना ते चांगलं शिकवलेलं होतं.

चिकाचा पडदा सर्रकन बाजूला झाला. वहिदाची अम्मी, जी कधी परक्यापुढं उभी राहिली नव्हती, ती सगळ्यांसमोर बाहेर आली. "मेरी बच्ची को इसने लंगडा किया! मैं हकीमां को दिखाती फिरी, और ये…" तिनं वहिदाला ओढलं आणि दोन थोबाडीत दिल्या. दुसऱ्या आयाही उठल्या. माझीही अशीच चालते घरी, मला वाटलं नाटकं करते. माझीही. माझीही. मोठ्या बाईंचं हसू तोवर ओसरलं होतं. त्यांनी कमरुन्निसा बेगमकडं वळून थंडपणे विचारलं, "तर ही तुमची पद्धत?"

"जी नहीं," कमरुन्निसा बेगम म्हणाल्या, "ये मामा की हरकत है." घटकाभरापूर्वी जी पद्धत त्यांची होती, ती हरकत म्हणजे आगळीक ठरताच सारजाची झाली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथं दोन्ही कामं बाईसाहेबांनीच उरकली.

सारजाबाईनं एकच गोष्ट केली. ती वहिदापुढं वाकली आणि म्हणाली, "सरळ चाल गं माय. नीट चालून दाखव." वहिदा चालली. मार खाल्लेली, हुंदके देत, तरी मामानं सांगितलं म्हणून जीव ओतून चालली. धप्, घस.

चार दिवसांनी कमरुन्निसा बेगमनी तिला खोलीत बोलावलं. त्यांना शरम वाटत होती, ते दिसत होतं, पण शरम वाटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. म्हणाल्या, "मी तुला काढत नाही. गाडीवर राहा. पण लहान मुलींना तू चालताना दिसता कामा नयेस. गाडीच्या मागून चालायचं. दारात हाक करीम मारील. आणि गाणं नाही, टाळी नाही."

"जी," सारजाबाई म्हणाली. जाता जाता दाराशी थांबून तिनं विचारलं, "वहिदा बोलती का?"

बेगमनी दौत पुढं ओढली आणि लिहायला घेतलं. वहिदाचा पाय महिनाभरात सरळ झाला. बापानं रोज संध्याकाळी हात धरून अंगणात चालवली, उजवा, डावा, उजवा, डावा, शिपायासारखी. पाय सरळ झाला आणि बोलणं पुन्हा पहिल्या अक्षराला अडकलं. अम्मीला लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अडकती तो अडकती. बोलना शादी के बाद कोन सुनता? चाल तो सब देखते." दुष्ट नव्हती ती बाई. जग तिला ठाऊक होतं.

तर सारजाबाई गाडीच्या मागं. पुढं करीम, मधे पडदे, मागं धुरळा आणि ही. वहिदाही पुन्हा गाडीत यायला लागली होती. दीडेक महिना सुरळीत गेला. मग एक दिवस जुन्या बाजाराच्या चढाला बैल हळू झाले, चाकांची करकर कमी झाली आणि पडद्याआडून एक टाळी आली. मग दुसरी. सारजाबाईला आधी कळेना. धप्, टाळी. घस, टाळी. आत बसलेल्या पोरी तिच्या पावलांवर टाळी देत होत्या. दिसता कामा नये म्हटलं होतं, ती दिसत नव्हतीच. ऐकू येत होती. चौथ्या पावलाला आतून सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि पुढची टाळी एकदम पडली.

आणि त्यावर गाणं आलं. बारीक, नितळ आवाज, एकटीचा. गाडी आली, गाडी आली, दार उघड गं साळू. वहिदा. एकही अक्षर अडकत नव्हतं.

सारजाबाईचे डोळे घळाघळा वाहायला लागले. चार पावलं चालली. आणखी चार. पोरगी गात होती. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या फळ्यांवर माणसं बसलेली, ऐकतायत, कुणी हसतंय. सांजेपर्यंत घरोघर कळणार होतं. उद्या वहिदाला मार पडणार होता, गाडीतून काढणार होते, कदाचित मदरशातूनच. आणि एवढं करूनही महिन्यानं तो सरळ झालेला पाय पुन्हा ओढायला लागला तर?

तिनं पाय उचलायचं थांबवलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

गाडी पुढं गेली. आतल्या टाळ्या थोड्या अंतरापर्यंत तशाच गेल्या, मग एक पुढं पडली, एक मागं, मग सगळं विस्कटलं. वहिदाचा आवाज "एक पाय"पाशी आला. "ए-ए-ए," एवढंच पुढं ऐकू येत राहिलं.

"क्या मामा, आव ना!" करीमनं बैल थांबवून हाक मारली. तिनं हातानंच जा म्हणून खुणावलं.

ती तशीच माघारी मदरशात गेली. कमरुन्निसा बेगमना म्हणाली, "पाय दिसायचा बंद करता येतो, बेगमसाब, वाजायचा बंद करता येत नाय. माझं नाव काढा." नाव काढलं. दप्तरात कारण लिहिलं, पाय अधू असल्यामुळं गाडीबरोबर चालण्याचं काम होत नाही. अकरा वर्षं चाललेल्या बाईबद्दल!

पुढं ती हर्सूलला राहिली, तळ्याकडच्या मळ्यांतून भाजी खुडायच्या कामावर. तिथं तिला सगळे मावशी म्हणायचे. पहिल्याच पंचमीला मळ्यातल्या पोरीबाळी फेर धरायला निघाल्या तेव्हा मळेवाल्याची सून, द्वारकाबाई, आपलं सहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. "मावशी, तुमच्यानं काय फेर होतोय! जरा ह्याला घ्या."

सारजाबाईनं घेतलं. झाडाखाली बसली. फेर सुरू झाला, गाणं सुरू झालं आणि मधेच घसरलं. कुणाची पावलं चुकली ते तिला बसल्या जागी कळलं. एक टाळी दिली असती तर जागेवर आला असता. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

लेकरू तिच्या पोटाशी टेकून फेराकडं टकमक बघत होतं. बघता बघता ते डुलायला लागलं. मग त्यानं आपले दोन पिटुकले हात एकमेकांवर आपटले, एकदा, दोनदा, अगदी ठिकाणावर. सारजाबाईनं मांडीखालचे हात काढले आणि ते हात आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवले.

"गप्प," ती त्याला म्हणाली. लेकरानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पुढच्या टाळीची वाट बघत राहिलं. तिनं मूठ सोडली नाही.